रंग-चाचणी

उपविधीत लिहिलंय:
इमारतीतली घाण सार्वजनिक गटाराला,
मंजूर चेंबरातून, मंजूर उतारानं,
चार इंची नळाला चाळीसास एक.
जोडणीबद्दल शंका असेल तर रंग टाकून पाहावं.
कोणता रंग, ते लिहिलेलं नाही.

झोन कार्यालयाच्या कपाटात रंगाच्या गोळ्या नव्हत्या.
मागणीपत्र दिवाळीआधी गेलं,
आता मार्च संपतोय.
म्हणून साखर पेठेच्या मागच्या बोळात
ज्यांच्या संडासाबद्दल तक्रार होती
त्यांनाच मी विचारलं,
काका, थोडा रंग मिळेल?

मल्लेशम गज्जम हसले.
सोलापुरात रंग मागाय लाजालाव होय म्याडम?
डायिंग बंद पडून अकरा वर्षं झाली,
पण माळ्यावर डबे होते,
झाकणांवर सुताच्या गुंडाळ्या, खूण म्हणून.
तीन बोटांनी चिमूट उचलली,
जरा थांबले, थोडी परत टाकली.
बोटं अजून वजन विसरली नव्हती.

पाणी पाचव्या दिवशी आलं होतं.
मी एक बादली मागितली.
सुनेनं माझ्याकडं बघितलं,
मग बादलीकडं,
मग दिली.

शिवाप्पानं टिकावानं चेंबरचं झाकण उचललं.
दहा मिनिटं आधी हवा जाऊ द्यायची,
आत कुणी उतरायचं नाही,
हेही लिहिलंय.
शिवाप्पाच्या थोरल्या भावाच्या वेळी लिहिलेलं नव्हतं,
किंवा होतं,
आणि कुणी वाचलं नव्हतं.
तो झाकणापासून दोन पावलं लांबच उभा राहतो.
मी कधी विचारलं नाही.

चेंबरात राखाडी पाणी. तसंच राहिलं.
घड्याळात बारा मिनिटं, मग वीस.
आणखी एक बादली मागायची माझी हिंमत झाली नाही.
तेवढ्यात एक पोरगं धावत आलं,
ओ म्याडम, नाल्यात आलंय!

अंगणवाडीच्या मागं, उघड्या नाल्यात,
भिंतीच्या कडेकडेनं एक धागा उतरत होता.
इतका नितळ, इतका उजळ
की क्षणभर मला वाटलं,
काहीतरी छान घडलंय.
एक डुक्कर त्यातून चालत गेलं.
त्याचे पुढचे दोन पाय रंगले.

मल्लेशम कठड्याला धरून बघत राहिले.
म्हणाले, कापडाला किती लागला ते जल्मभर बघितलं.
उरलेलं कुठं जाऊलालंय, ते आज.

पंचनामा मी अंगणवाडीच्या पायरीवर बसून लिहिला.
घर क्रमांक दोनशे चौदा.
मैलापाणी पावसाळी नाल्यात सोडलेले आढळले.
सोडलेला रंग: गुलाबी.
त्यांनी चष्मा वर केला.
गुलाबी न्हाई ओ. राणी.
मी म्हटलं, काका, कागदाला काय फरक पडतोय.
गुलाबीला येवढी लाली नसती, म्हणाले,
खोटं कशाला लिहिता.
मी खोडलं, वर 'राणी' लिहिलं,
बाजूला माझी छोटी सही केली.
खाली त्यांनी तेलुगूत केली.
आपल्याच विरुद्धच्या कागदावर
इतकं सावकाश सही करणारा माणूस
मी आधी पाहिला नव्हता.

नोटीस: सात दिवस.
परवानाधारक प्लंबर, गली ट्रॅप, नवं चेंबर,
जोडणी शुल्क, रस्ता फोडायचे वेगळे.
आकडा मी हळू आवाजात सांगितला.
सून सुपात पानं कापत बसली होती.
कात्री थांबली.
तिचे ओठ हलले,
हजार विड्या, दोन हजार, तीन,
कुठपर्यंत गेली कळलं नाही,
कात्री पुन्हा चालू झाली.

निघताना मल्लेशम यांनी उरलेला रंग
वर्तमानपत्रात बांधून दिला.
ऑफिसात ठेवा, म्हणाले, गोळ्या येईपतोर.

पुडी अजून माझ्या पर्समध्येच आहे.
जुळे सोलापुरात मी भाड्यानं राहते, दुसऱ्या मजल्यावर.
मालक म्हणतात, सगळं ड्रेनेजला जोडलेलं आहे, निर्धास्त राहा.
इमारतीच्या मागं बाभळी आहेत,
उन्हाळ्यातही हिरव्यागार.

आमचं पाणी उद्या यायचंय.